अमाल्फी किनारा, मे महिना, ९ रात्री: आराखडा तपासून हवाय

कोकणकडा

पुढच्या मे महिन्यात ४ ते १३ तारखेत इटलीचा अमाल्फी किनारा करायचं नक्की झालंय. आम्ही दोघं, मुलगा (वय ११) आणि सासूबाई (वय ६८). सासूबाईंचे गुडघे दुखतात. सपाटीवर तासभर आरामात चालतात, पण एका दमात तीस-चाळीस पायऱ्यांच्या वर नको. त्या पूर्ण शाकाहारी आहेत, अंडंही चालत नाही. मुलाला घाटात गाडी लागते.

सध्याचा आराखडा: मुंबईहून एक थांबा घेऊन नेपल्स. मग पोझितानो ३ रात्री, अमाल्फी ३, सोरेंतो २, नेपल्स १. विमानतळावरूनच गाडी भाड्याने घ्यायची. मधे एक दिवस काप्री बेट, एक दिवस पॉम्पेईचे प्राचीन अवशेष, आणि जमलं तर तो 'देवांचा मार्ग' नावाचा ट्रेक.

प्रश्न असे: मुक्कामाची गावं बरोबर आहेत का? गाडी घ्यावी का? व्हिसाला कधी लागायचं? आणि सासूबाईंच्या जेवणाचं काय?

घाटवाट

गावं चुकलेली नाहीत, मुक्काम चुकलेत. पोझितानो बघायला जायचं, राहायला नाही. निदान गुडघे दुखत असताना तरी नाहीच.

ते गाव डोंगरउतारावर एकावर एक रचलेलं आहे. गाडीरस्ता मोजून एक, तोही वळसे घेत जाणारा. बाकी सगळे पायऱ्यांचे बोळ. हॉटेलच्या पानावर 'किनाऱ्यापासून २०० मीटर' लिहितात ते आडवं अंतर असतं, उभ्यात त्याच्या दीडशे पायऱ्याही होऊ शकतात. सामान एक तर स्वतः उचलायचं, नाहीतर हमालाला नगामागे पैसे मोजायचे. बुकिंगआधी हॉटेलला एकच गोष्ट लेखी विचारा: टॅक्सी किंवा बस जिथे सोडते तिथपासून खोलीच्या दारापर्यंत किती पायऱ्या? इटालियनमध्ये 'क्वांती ग्रादीनी'. उत्तरात आकडा आला तर पुढे बोला. 'थोड्याशाच' असं आलं तर दुसरं हॉटेल बघा. लिफ्ट आहे म्हणाले तर ती रस्त्यापासून आहे की रिसेप्शनपासून, हेही विचारून घ्या. रिसेप्शनच ऐंशी पायऱ्या खाली असलेली हॉटेलं तिकडे नवलाची नाहीत.

दुसरं म्हणजे ९ रात्रींत ४ मुक्काम. प्रत्येक बदलाला खोली सोडणं, बॅगा सांभाळणं, पुढची खोली दुपारी तीनला मिळणं यात अर्धा दिवस जातो. तीन बदल म्हणजे दीड दिवस बॅगांच्या राखणीत गेला.

माझं मत: सालेर्नो ६ रात्री, नेपल्स ३ रात्री. बस.

सालेर्नो हे किनाऱ्याच्या पूर्व टोकाचं नेहमीचं, नांदतं शहर. पोस्टकार्डावर छापण्यासारखं नाही, पण स्टेशन ते समुद्र हा भाग सपाट आहे, समुद्रालगत ताडांच्या सावलीतला लांब फिरण्याचा रस्ता आहे, आणि खोल्यांचे दर पोझितानोच्या मानाने बरेच खाली. नेपल्सहून वेगवान गाडीने पाऊण तासाच्या आत पोचता. स्टेशनसमोरच्या पियात्सा देला कॉन्कोर्दियाच्या धक्क्यावर चालत पाच मिनिटांत, आणि तिथून अमाल्फी-पोझितानोच्या बोटी सुटतात. मुलाला घाट लागतो ना? मग घाटातून जायचंच कशाला, हा किनारा पाण्यातूनच जास्त चांगला दिसतो.

'किनाऱ्यावर राहिलो' असं वाटायलाच हवं असेल तर सालेर्नोच्या सहापैकी चार रात्री मायोरीला काढा. या पट्ट्यातला सगळ्यात लांब वाळूचा किनारा, साधारण एक किलोमीटर, मायोरीत आहे. १९५४ च्या ऑक्टोबरमधल्या पुराने गावाची वाताहत झाली, समुद्रालगतचा बराच भाग त्यानंतर पुन्हा उभा राहिला. म्हणून शेजारच्या गावांइतकं ते देखणं नाही, आणि म्हणूनच तिथे रुंद, सपाट रस्ता आहे. गुडघ्यांना देखणेपणाशी देणंघेणं नसतं.

तिकीटघर

गाडी घेऊ नका. कारणं क्रमाने.

व्हिएत्री सुल मारे ते मेता हा एसएस १६३ रस्ता सुमारे ५० किलोमीटरचा, कड्यात कोरलेला. बऱ्याच वळणांवर दोन बस एकमेकींना ओलांडू शकत नाहीत. एकीला मागे सरकावं लागतं आणि तिच्यामागच्या सगळ्या गाड्यांनाही. आपल्या घाटात चालवायची सवय असली तरी स्टिअरिंग डावीकडे आणि गाडी रस्त्याच्या उजव्या बाजूने, हे पहिल्यांदा शिकायची ही जागा नव्हे. पार्किंग तासावर, महाग, आणि दहानंतर मिळेलच असं नाही. शहरांच्या जुन्या भागात झेडटीएल म्हणजे परवान्याशिवाय प्रवेश नसलेले पट्टे आहेत. तिथे कॅमेरा नंबरप्लेट टिपतो, दंडाचं पत्र काही महिन्यांनी घरी येतं, आणि त्याआधी भाडेकंपनीने तुमचा पत्ता कळवण्याची फी कार्डावर लावलेली असते. शिवाय आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढावा लागतो, भारतीय लायसन्स एकट्याने पुरत नाही.

पोझितानो ते व्हिएत्री या भागात गर्दीच्या काळात सकाळी १० ते संध्याकाळी ६ सम-विषम नंबरप्लेटचा नियमही असतो. त्याचा मुख्य मारा उन्हाळ्यातले शनिवार-रविवार आणि अख्खा ऑगस्ट यावर. तुमच्या तारखा त्यातून सुटतात, पण इतर वाचणाऱ्यांसाठी लिहून ठेवतो.

बोट. एप्रिल ते ऑक्टोबरअखेर किंवा नोव्हेंबरचा पहिला आठवडा. सालेर्नो–अमाल्फी ३५ मिनिटं, अमाल्फी–पोझितानो २५, सालेर्नो–पोझितानो एकूण ७० च्या आसपास. चेतारा, मायोरी, मिनोरी ही मधली थांबणारी गावं. सकाळची पहिली किंवा दुसरी फेरी धरा आणि परतीचं तिकीट जातानाच काढा. संध्याकाळी पाचच्या बोटींना पोझितानोच्या धक्क्यावर उन्हात रांग लागते. मोठ्या बॅगेला वेगळे पैसे पडतात.

एक खोच: सालेर्नोत बोटींचे धक्के दोन आहेत. कॉन्कोर्दिया स्टेशनजवळ, तर मोलो मानफ्रेदी शहराच्या दुसऱ्या टोकाला. तिकिटावर कुठलं नाव आहे ते आदल्या रात्री बघा, सकाळी धावपळ करत बघू नका.

बस. कंपनीचं नाव सीता, त्यामुळे लक्षात ठेवायला कष्ट नाहीत. तिकीट ड्रायव्हरकडे मिळेल या भरवशावर राहू नका. 'टी' अक्षराची पाटी असलेल्या तंबाखूच्या दुकानात किंवा कॅफेत आधी घ्या, चढल्यावर यंत्रात छाप मारा. छाप नसलेलं तिकीट म्हणजे विनातिकीट. रविवारी दुपारी ही दुकानं बंद असतात, म्हणून परतीची तिकिटं सकाळीच खिशात हवीत. सालेर्नोहून अमाल्फीला जाताना समुद्र डावीकडे, सोरेंतोहून अमाल्फीला जाताना उजवीकडे.

बस घेणारच असाल तर सुरुवातीच्या थांब्यावरून घ्या. अमाल्फीत बंदरावरचा पियात्सा फ्लाव्हियो जोया, सोरेंतोत स्टेशनसमोर. मधल्या थांब्यांवर, विशेषतः पोझितानोला, भरलेली बस न थांबता पुढे जाते. तशा दोन गेल्या की तास-दीड तास गेलाच. मुलाला पुढच्या सीटवर बसवा आणि गोळी अर्धा तास आधी द्या. कुठली, किती ते इथल्याच डॉक्टरांना विचारून सोबत न्या.

लिंबूटिंबू

सोरेंतो एवढ्या पटकन खोडू नका. गाव कड्याच्या माथ्यावर असलं तरी वर सपाट आहे, बंदरापासून वर यायला लिफ्ट आहे, काप्रीची बोट वीस-पंचवीस मिनिटांची आणि पॉम्पेई थेट गाडीने अर्ध्या तासावर. इंग्रजी सगळीकडे चालतं. पहिल्यांदा जाणाऱ्यांना तेच सोपं.

नेपल्सहून सोरेंतोला जायला चिर्कुमवेझुवियाना लोकल, साधारण ७० मिनिटं. ती मुख्य स्टेशनवरून नाही, त्याच्या तळघरातल्या गारिबाल्दी स्टेशनवरून पकडायची. पण गाडी सुटते त्याच्या आधीच्या पोर्ता नोलानाहून, सामान असेल तर तिथे जाऊन बसलेलं बरं. बॅगांना जागा नाही, गर्दी आपल्या लोकलच्या जवळ जाणारी, आणि खिसेकापूंसाठी नाव कमावलेली गाडी आहे. पाकीट पुढच्या खिशात.

घाटवाट

@लिंबूटिंबू, सोरेंतो सोपं आहे हे मान्य. पण सोरेंतो अमाल्फी किनाऱ्यावर नाहीच, डोंगराच्या पलीकडच्या अंगाला, नेपल्सच्या आखातावर आहे. तिथून अमाल्फीला बसने दीड-पावणेदोन तास आणि सगळी वळणं त्याच तुकड्यात. ज्याला गाडी लागते त्याला रोज दोनदा तेच. काप्री आणि पॉम्पेई मुख्य असतील तर सोरेंतो, अमाल्फी आणि त्याच्या वरच्या डोंगरातलं रावेल्लो गाव मुख्य असतील तर सालेर्नो. यांच्या यादीत दुसरं आहे.

आता दिवसांची मांडणी. सालेर्नोला उतरल्यावर पहिला पूर्ण दिवस मोकळा ठेवा. मे महिन्यात आपल्या घड्याळापेक्षा साडेतीन तास मागे असतात, त्यामुळे संध्याकाळी आठलाच डोळे मिटायला लागतात आणि तिकडची जेवणं सुरू होतात साडेसातनंतर.

पोझितानोचा दिवस: बोटीने जा, बोटीने या. धक्का आणि मोठा किनारा एकाच पातळीवर, सांता मारिया असुंता चर्च थोडं वर. सासूबाईंना गाव चढायची गरजच नाही, खरा देखावा खालून वर बघताना आहे. तुम्ही दोघांनी हवं तर तासभर वर जाऊन यावं. किनारा गोट्यांचा आहे, पाण्यात जायला रबरी तळाचे बूट न्या. मे महिन्यात पाणी १८–१९ अंशांच्या घरात असतं. मुलगा दहा मिनिटांत निळा पडून बाहेर येईल.

अमाल्फी आणि रावेल्लो एका दिवसात. अमाल्फीत धक्क्यापासून चौकापर्यंत सपाट, पण कॅथेड्रलला साठेक पायऱ्या, त्याही चढ्या. मधे टेकायला जागा आहे, ठरवून घ्या. चौकातून मुख्य रस्त्याने वर चालत गेलं की हातकागदाचं संग्रहालय लागतं. मुलाला लगद्यातून कागद उचलून बघता येतो, जुने पाण्यावर चालणारे घणही आहेत. दुपारनंतर बसने रावेल्लो, अर्धा तास, समुद्रसपाटीपासून साडेतीनशे मीटर वर. बस बोगद्यापाशी सोडते, बाहेर पडलं की व्हिला रूफोलो ही बागेची जुनी हवेली आणि चौक हाकेच्या अंतरावर. व्हिला चिम्ब्रोनेला मात्र दहा-पंधरा मिनिटं चालायचंय, मधे पायऱ्या आहेत. सासूबाईंना चौकात कॉफी देऊन तुम्ही जाऊन या.

पेस्टमला एक दिवस नक्की द्या. सालेर्नोहून साध्या गाडीने अर्धा तास, आणि तिथे इसवी सनापूर्वी सहाव्या-पाचव्या शतकात बांधलेली तीन ग्रीक मंदिरं सपाट माळावर उभी आहेत. पायऱ्या नाहीत, गर्दी पॉम्पेईच्या मानाने काहीच नाही. साध्या गाडीचं छापील तिकीट फलाटावरच्या यंत्रात छापायला विसरू नका.

पॉम्पेईला सासूबाईंसाठी पियात्सा आनफितेआत्रोच्या बाजूने आत शिरा. चाकाच्या खुर्चीलाही चालेल असा आखलेला रस्ता तिथून सुरू होतो. बाकी ठिकाणी लाव्हाच्या मोठ्या दगडांचे रस्ते आहेत, पाय मुरगळायला उत्तम. दिवसाला २०,००० माणसांची मर्यादा आहे आणि तिकीट नावानिशी, म्हणून पासपोर्टवरचंच नाव टाका आणि ओळखपत्र बरोबर ठेवा. सावली जवळजवळ नाही. नेपल्सचं पुराणवस्तुसंग्रहालय पॉम्पेईनंतर ठेवा, आधी नको, कारण पॉम्पेईतली चांगली मोझेक आणि भित्तिचित्रं काढून या संग्रहालयातच आणून ठेवली आहेत. मंगळवारी ते बंद असतं.

काप्री माझ्या यादीत शेवटी. करायचंच तर नेपल्सच्या मोलो बेव्हेरेल्लोहून, तासाभराच्या आत. वर गावात जायला फ्युनिक्युलर, म्हणजे दोराने ओढली जाणारी डोंगरगाडी आहे. पण तिथली समुद्रातली निळी गुहा गृहीत धरू नका. छोट्या होडीत आडवं पडून जेमतेम मीटरभर उंचीच्या तोंडातून आत जायचं असतं. जरा लाट वाढली की बंद, आणि गुडघ्यांसाठी ती कसरत नकोच.

शिक्कामोर्तब

व्हिसा. महाराष्ट्र-गोव्याचे अर्ज मुंबईच्या इटालियन वकिलातीच्या कक्षेत, जमा करायचे व्हीएफएस या व्हिसाचे अर्ज स्वीकारणाऱ्या कंपनीच्या केंद्रात. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज घेतात, म्हणजे तुमच्यासाठी नोव्हेंबरच्या सुरुवातीपासून. नियमात निर्णयाला १५ दिवस धरलेले आहेत, ते ४५ पर्यंत जाऊ शकतात. खरी अडचण निर्णयाची नाही, अपॉइंटमेंटची आहे. मे महिन्याच्या सुट्टीसाठी सगळे मार्चमध्ये उठतात. तुम्ही जानेवारीत तारीख घ्या.

शुल्क मोठ्यांना ९० युरो, ६ ते ११ वयाला ४५, वर व्हीएफएसचा आकार. मुलगा बाराचा व्हायच्या आत अर्ज केलात तर अर्धं शुल्क आणि बोटांचे ठसेही नाहीत. वाढदिवस बघून तारीख ठरवा.

अर्ज कुठे अडतात: पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने चालू हवा, दहा वर्षांच्या आत काढलेला आणि दोन कोरी पानं असलेला. विमा किमान ३०,००० युरोचा, सगळ्या शेंगेन (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय) देशांत चालणारा, आणि प्रवासाचा दिवस न् दिवस झाकणारा. विमान १३ च्या रात्री सुटत असेल आणि विमा १२ लाच संपत असेल तर तेवढ्यावरून कागद परत येतो. बँकेच्या खात्यात शेवटच्या आठवड्यात एकदम मोठी रक्कम आलेली दिसली तर तिचा उगम दाखवणारा कागद सोबत जोडा. सासूबाईंचा खर्च तुम्ही करणार असाल तर तसं पत्र, तुमची विवरणपत्रं आणि नातं दाखवणारा पुरावा लागेल. इथे बऱ्याच जणांचं अडतं, कारण लग्नाआधीच्या आणि नंतरच्या नावांचा मेळ बसत नाही. बायकोच्या जन्मदाखल्यावर आईचं नाव कसं लिहिलंय ते आजच बघा. मुलाच्या अर्जावर आई-वडील दोघांच्या सह्या.

हॉटेलं विनाशुल्क रद्द होणारी घ्या, पण व्हिसा हातात येईपर्यंत रद्द करू नका, पडताळणी होते.

मेतकूट

सासूबाईंचं जेवण. शाकाहाराला या किनाऱ्यावर इटलीत इतरत्र होते त्यापेक्षा कमी अडचण, पण फसव्या जागा आहेत.

निर्धास्त: स्पगेत्ती अल पोमोदोरो, वांग्याची पार्मिजाना (कॅम्पानियात वांगी कधी कधी अंड्यात बुडवून तळतात, 'सेन्झा ऊओवा' म्हणजे अंडं नको, हे सांगून घ्या), काप्रेझे सॅलड, पिझ्झा मार्गेरिता. 'मारिनारा' पिझ्झा नावावरून मासळीचा वाटतो, पण त्यात फक्त टोमॅटो, लसूण, ओरेगानो आणि तेल. चीजही नाही, त्यामुळे चीज बनवताना दूध गोठवायला घालतात त्या प्राण्याच्या रेनेटचा मुद्दा ज्यांना आहे त्यांचा तोच आधार.

फसवं: ताजा पास्ता बहुतेकदा अंड्याचा. पाकिटातला कोरडा पास्ता मागा, 'पास्ता सेक्का'. सोरेंतोची न्योक्की बटाट्याची, पण कणकेत अंडं घालतात का विचारा. पुत्तानेस्का सॉसमध्ये अँचोव्ही ही छोटी खारवलेली मासळी असू शकते. सूपमध्ये मांसाचं पाणी, त्याला 'ब्रोदो' म्हणतात. फ्रियारिएल्ली ही कडवट पालेभाजी झकास लागते, पण सोबत सॉसेज येतं. सगळ्यात लपलेली गोष्ट म्हणजे 'स्त्रुत्तो', डुकराची चरबी. मिरी-बदामाचे कडक ताराल्ली आणि सकाळची ती पापुद्र्यांची स्फोल्यातेल्ला, दोन्हींत परंपरेने तीच. चेताराची 'कोलातुरा' म्हणजे अँचोव्हीचा अर्क, पास्त्यावर दिसतही नाही. लिंबाचं देलित्सिया बघून मोह होईल, पण तो केक अंड्याचाच.

रेस्टॉरंटं दुपारी तीनला बंद होतात आणि साडेसातपर्यंत उघडत नाहीत. माणशी दोन-तीन युरो 'कोपेर्तो', म्हणजे टेबलाचा आकार, बिलात असतो, ती फसवणूक नाही. कॉफी उभ्याने प्यायली तर स्वस्त, टेबलावर महाग.

स्वयंपाकघर असलेली जागा घेतलीत तर एक वेळ घरचं होईल. भाजणी, मेतकूट, चकली, पोहे खुशाल न्या. पण तूप, पेढे, खवा, पनीर युरोपीय संघात बाहेरून आणायला बंदी आहे. आणि मे महिना म्हणून हापूसची पेटी उचलू नका. ताज्या फळांना वनस्पती-आरोग्य दाखला लागतो, नाहीतर विमानतळावरच टोपलीत जाते.

कोकणकडा

खूप आभार. गाडी रद्द, पोझितानोचा मुक्काम रद्द. दोन शंका राहिल्या. देवांचा मार्ग आम्ही दोघं आणि मुलगा असा अर्ध्या दिवसात होईल का? आणि समुद्र खवळला म्हणून बोटी बंद झाल्या तर?

तिकीटघर

मार्ग होतो. बोमेरानो या वरच्या गावाहून पोझितानोच्या वर असलेल्या नोचेल्लेकडेच चाला, एकंदरीत उतार आहे. उलट दिशेने तोच चढ होतो. साडेसहा-सात किलोमीटर, मुलासकट तीन तास धरा. अमाल्फीहून बोमेरानोला सीता बस, पाऊण तास आणि तोच वळणांचा घाट, गोळी त्याच दिवसासाठी राखा. माणशी दीड लिटर पाणी, तळ पकडणारे बूट. साडेआठला चालायला लागलात तर ऊन चढायच्या आत नोचेल्ले. तिथून पोझितानोला उतरायला सुमारे १,७०० पायऱ्या आहेत. मुलगा उड्या मारत जाईल, तुमच्या पोटऱ्या दोन दिवस बोलतील. नोचेल्लेहून छोटी स्थानिक बस खाली येते, ती घ्या. पाऊस पडून गेलेला असेल तर जाऊ नका, चुनखडीचा दगड ओला झाला की साबण.

बोटी वाऱ्यामुळे बंद होतात, पावसामुळे नाही. स्वच्छ ऊन असूनही बंद असू शकतात, म्हणून आकाश बघून ठरवू नका, सकाळी कंपनीचं पान बघा. सकाळीच बंद असतील तर पेस्टम किंवा पॉम्पेईचा दिवस पुढे ओढा, दोन्ही आगगाडीने. अडचण होते ती दुपारी पोझितानोत असताना बंद झाल्या तर. तेव्हा सगळा गाव एकाच बस थांब्यावर येतो. सालेर्नोकडे जाणाऱ्या बससाठी स्पोंदाचा थांबा, तो किनाऱ्यापासून चांगलाच वर आहे, सासूबाईंना जमणार नाही. त्या दिवशी त्यांना खालच्या पियात्सा देई मुलिनीपर्यंत हळूहळू आणा, तिथून गावातली छोटी बस वर नेते. टॅक्सी तिथेच मिळते, बसण्याआधी रक्कम ठरवा. सीताची चार तिकिटं सकाळीच खिशात असली तर तेवढाच एक प्रश्न कमी.